फिलिंग केलेलं बूच

मी एक जुना कॉर्कस्क्रू आहे. घाबरू नका मित्रांनो, टोक अणकुचीदार असलं तरी स्वभावानं मी गरीब आहे. बाटलीच्या तोंडात गच्च बसलेलं बूच गोल गोल फिरत बाहेर काढायचं, एवढंच माझं काम. आजवर टोचलो असेन तर ज्यानं मला उलटा धरला त्यालाच, आणि तेही त्याला शहाणं करायला. बाटलीत जे असतं ते मोठ्या माणसांचं. तुम्ही आपलं सरबत घ्या आणि गोष्ट ऐका. गोष्टीला वयाची अट नाही.

माझा जन्म सुऱ्या-कात्र्यांच्या कारखान्यात झाला. लाल तापलेली तार एका जाड खिळ्याभोवती गुंडाळली आणि पाण्यात बुडवली, तेव्हा मी 'चर्र' असा पहिला शब्द बोललो. माझी मूठ एका मोडक्या खुर्चीच्या पायातून कापलेली आहे. म्हणजे आधी त्या लाकडावर माणसं बसायची, आता ते माणसांच्या हातात बसतं. बढतीच म्हणा! पॉलिशवाल्या मावशीनं मला उजेडात धरून एक डोळा मिटला आणि म्हणाली, "हा जरा तिरका बघतो गं. पण चालेल." माझं टोक किंचित वाकडं राहिलं होतं, ते तसंच राहिलं. मावशीनं मला भंगारात टाकला नाही, हे तिचे उपकार. पुढे हेच वाकडं टोक कामी आलं, ते सांगतोच.

मग मी मामाच्या हाती लागलो. मामा म्हणजे एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या जेवणघरातला वाइन वाढणारा वेटर. सगळं जहाज त्याला मामा म्हणतं, कप्तानसुद्धा. गंमत म्हणजे मामाला एकही बहीण नाही. पण जहाजभर भाचेच भाचे!

आमच्या जहाजावर एक रीत आहे. प्रवाशाला स्वतःची वाइनची बाटली सोबत आणता येते. पण कुणाच्या घरी जेवायला जाताना आपण काही घेऊन गेलो, तर ते पिशवीत लपवून कोपऱ्यात बसून खातो का? नाही ना? तसंच हे. बाटली मोठ्या बॅगेत कपड्यांखाली दडपायची नाही, हातात घेऊन यायची. दारावर आपणहून दाखवायची. बाटली सीलबंद हवी, लेबल हवं. जेवणघरात ती मामाकडे द्यायची, उघडण्याचा आकार, म्हणजे पैसे, असतो तो कुरकुर न करता द्यायचा. जहाज जी विकतं तीच घेऊन येणं म्हणजे हॉटेलात डबा उघडून बसण्यासारखं, ते टाळायचं. बूच निघालं की मामा ते छोट्या बशीत ठेवून बाटली आणणाऱ्यासमोर सरकवतो, म्हणजे त्यानं बघून घ्यावं. आणि ज्याला खरी रीत कळते, तो मामाला म्हणतो, "एक घोट तुम्हीही घ्या." मामा ओठ टेकवण्यापुरतंच घेतो, पण त्या दिवशी त्याची चाल बदलते. शीळ घालत वाढतो.

किती वर्षं मी मामाच्या खिशात राहिलो! लग्नाच्या वाढदिवसांची बुचं काढली, निवृत्तीची काढली, रुसवा काढायला आणलेल्या बाटल्यांची काढली. प्रत्येक टेबलावर "वा!" ऐकू आलं. ते वाइनला होतं की मला, मी कधी विचारलं नाही. निम्मं माझं धरून चालायचो.

मग आलं बॅटरीचं यंत्र. चकचकीत, काळं, बटण दाबलं की 'घुर्रर्र'. ऑफिसनं फर्मान काढलं की आता सगळ्यांनी हेच वापरायचं. मामानं मला जेवणघराच्या कपाटाच्या खणात ठेवला, ओल्या चमच्यांशेजारी. मला गंज चढला. एक वाकडा काटा मला म्हणाला, "काय आजोबा, निवृत्त?" मी म्हटलं, "रजेवर आहे रे." पण मित्रांनो, आतून खट्टू झालो होतो. तरी मामा रोज खण उघडताना मला बोटानं ढकलायचा आणि म्हणायचा, "काय, जिवंत ना?" तेवढ्यावर दिवस जायचा. जेवणघराच्या बातम्याही तोच सांगायचा. पुढची दारावरची हकिगत त्याच्याच तोंडून ऐकलेली.

त्या फेरीला एक कुटुंब चढलं. कुटुंब म्हणजे दोन कुटुंबं. मुलीकडचे टेलरमास्तर आणि त्यांची बायको, मुलाकडची विहीणबाई, आणि नवीन लग्न झालेली जोडी. लग्न घाईघाईत, सह्या करून झालेलं. दोन्ही घरं एका टेबलावर कधी बसलीच नव्हती. जहाजावरचं जेवण हे पहिलंच.

मास्तरांनी एक बाटली तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली होती. दारावर त्यांनी ती आपणहून दाखवली. सील होतं, महागडं लेबल होतं.

"उघडपणे आणलीत, छान केलंत," बाटल्यांची नोंद घ्यायला दारावर उभा असलेला मामा म्हणाला.

मास्तर कानापर्यंत लाल झाले. मामाला वाटलं, ऊन लागलं.

मागे विहीणबाई. त्या दातांच्या डॉक्टर. "बाटली वगैरे?" असं विचारल्यावर म्हणाल्या, "छे, आमच्याकडे कुणी घेत नाही." त्यांच्या पिशवीतून हिरव्या माउथवॉशची भलीमोठी बाटली निघाली. दारावरचा पहारेकरी बघत राहिला.

"एवढं माउथवॉश?"

"मी डेंटिस्ट आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही किती वापरता? जरा आ करा बघू."

पहारेकऱ्यानं तोंड गच्च मिटलं आणि पिशवी सोडून दिली.

आता मास्तरांचं गुपित सांगतो. त्यांच्या दुकानामागे द्राक्षाचा एक वेल आहे. दरवर्षी ते त्याची घरीच वाइन करतात. ही वाइन लेकीच्या पहिल्या जेवणाला तिच्या सासूसमोर ओतायची, ही त्यांची एकच इच्छा. पण घरची बाटली म्हणजे लेबल नाही, आणि लेबल नाही तर दारावरच अडणार. वर बायकोनं आधीच टोमणा मारलेला, "डॉक्टरीणबाईंना काय आपल्या मागच्या अंगणातलं पाजणार?" मग मास्तरांनी काय केलं? पँट आखूड करायला येणाऱ्या एका हॉटेल मॅनेजरकडून भारी वाइनची रिकामी बाटली मागून घेतली, बूच आणि लेबलासकट. आपली वाइन तिच्यात भरली. बुचाला आधीच्या स्क्रूचं भोक होतं. ते मेणबत्तीच्या मेणानं बुजवलं, वरून कापडावर खुणा करायचा तपकिरी खडू घासला, आणि बाटलीच्या तोंडावर लाखेचं नवं सील बसवलं. शिवण दिसायला नको म्हणून आयुष्यभर झटलेला माणूस! काम असं केलं की नुसत्या डोळ्याला पत्ता लागू नये.

संध्याकाळी टेबल सजलं. माझा खण अर्धा उघडा होता, मला सगळं दिसत होतं. लेकीनं शिकवल्याप्रमाणे मास्तरांनी बाटली मामाकडे दिली. मामानं सील काढून यंत्र लावलं. घुर्रर्र! यंत्र सरळ त्या जुन्या भोकात घुसलं, मेणात घसरलं आणि जागच्या जागी फिरत बसलं. बूच ढिम्म. यंत्रातून जळका वास आला आणि ते बंद पडलं.

मास्तरांच्या कपाळावर घाम. "राहू दे हो. नंतर कधीतरी उघडू."

"नंतर काय नंतर?" त्यांची बायको म्हणाली. "बोटीत चढल्यापासून मला हात लावू दिला नाहीत. त्या बाटलीला चादर पांघरून झोपवलंत, अहो!"

"अडकलेली दाढ आहे ही," विहीणबाई पुढे सरकल्या. "सरळ ओढू नका. आधी थोडी हलवा. माझी पक्कड खोलीत आहे, आणू का?"

"आई!" जावई म्हणाला.

मामानं खण पूर्ण उघडला. मला उचलला, पदरासारखा खांद्यावर टाकलेला नॅपकिन काढून पुसला आणि हळूच म्हणाला, "चल रे, रजा संपली." काटा बघतच राहिला.

मी आत शिरलो. माझं टोक वाकडं, त्यामुळे भोक सोडून मी बाजूनं गेलो, जिथे बूच अजून घट्ट होतं. वाटेत मला मेण लागलं. म्हटलं, अरेच्चा, इथे माझ्याआधी कुणीतरी येऊन गेलंय! मामाच्या मनगटालाही ते कळलं असणार, कारण ते क्षणभर थांबलं. त्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर टेबलावरचं मीठ बघत होते. त्यानं मला जरा हलवलं, जरा ओढलं, आणि 'पॉक!'

टेबलावर सगळे "वा!" म्हणाले. ते माझं होतं, या वेळी पूर्ण माझं.

मामानं मला परत उघड्या खणात ठेवला आणि बूच गुपचूप खिशात टाकलं.

"बूच बशीत ठेवतात ना?" विहीणबाई म्हणाल्या. "द्या इकडे, बघू तरी एवढा त्रास कशानं झाला."

मामाचा नाइलाज झाला. बूच बशीत आलं. लेक म्हणाली, "बाबा, मामांना विचारा ना." मास्तरांनी कसंबसं विचारलं, "एक घोट... तुम्हीही?" मामानं ओठ टेकवले. डोळे मिटले. उघडले. "उत्तम आहे," एवढंच म्हणाला, पण मी त्याला ओळखतो. तो शीळ घालायच्या बेतात होता.

"मी घेत नाही," विहीणबाई म्हणाल्या, "पण व्याह्यांच्या मानासाठी एक घोट." त्यांनी घोट घेतला. मग दुसरा. मग लेबल वाचलं. भुवया जवळ आल्या.

"ही ती नाही," त्या म्हणाल्या. "ती जिभेवर जरा तुरट लागते, आणि मागाहून चटका देते. मला चांगली माहीत आहे."

मास्तरांनी मिठाची डबी उचलून पुन्हा खाली ठेवली.

"आई," जावई म्हणाला, "तुला कशी माहीत? तू तर घेत नाहीस ना?"

विहीणबाईंनी ग्लास घाईनं खाली ठेवला. मग विषय बदलायला म्हणून त्यांनी बशीतलं बूच उचललं, आणि सवयीनं दिव्यापुढे धरून फिरवलं.

"अगं बाई, हे तर फिलिंग केलंय!" त्या ओरडल्या. "मेण? आणि वरून रंग जुळवलाय. काय सफाईदार काम आहे! कुणी केलं हे?"

मास्तरांनी सुटायचा रस्ता शोधला. समोर लेक बसली होती. त्यांनी खाली मान घातली.

"मी केलं. बूच मी केलं, वाइनपण मीच केली. दुकानामागच्या वेलाची आहे. बाटली आणि लेबल तेवढं दुसऱ्याचं. पोरीचं पहिलंच जेवण, म्हटलं तुमच्यासमोर आपलं काहीतरी असावं. आणि मग भीती वाटली, की आपलं म्हणून ठेवलं तर कमी पडेल."

त्यांची बायको, टोमणे मारणारी, तिनं टेबलाखाली त्यांचा हात धरला. तो मला खणाच्या उंचीवरून दिसला.

विहीणबाईंनी बूच बशीत ठेवलं. मग उठल्या आणि तडक निघून गेल्या. मास्तरांचा चेहरा बघवेना. लेकीचे डोळे भरले. जावई म्हणाला, "येईल ती... बहुतेक."

आल्या. हातात हिरवी माउथवॉशची बाटली. ती त्यांनी टेबलावर आदळली.

"यात वाइन आहे," त्या म्हणाल्या. "गोड, स्वस्त, मला आवडते ती. म्हटलं सुनेच्या माहेरची साधी माणसं, सासू पिते म्हटल्यावर काय म्हणतील? म्हणून खोलीत दार लावून पिणार होते. रंग खाण्याचा टाकलाय. पण बाटलीमुळे चव पुदिन्याची येते, अगदी भयंकर."

आधी मास्तरांची बायको हसली. तोंडावर रुमाल धरून, मग रुमाल टाकून. मग सगळं टेबल. माझ्या खणातले चमचेसुद्धा खुळखुळले, कारण मामा कपाटाला टेकून हसत होता.

हसणं आटपल्यावर मास्तरांनी नॅपकिन पाण्यात भिजवला आणि लेबल सोलून काढलं, कडेपासून, न फाडता, जसं जुनं अस्तर काढतात. बिनलेबलाची बाटली टेबलावर उभी राहिली. एवढी देखणी बाटली मी माझ्या जन्मात उघडलेली नाही.

"मामा," मास्तर म्हणाले, "तुमचा नियम मोडलाय आम्ही. काय ते सांगा."

मामानं चेहरा गंभीर केला. "वरती मी खरं तेच कळवणार, घरची आहे म्हणून. आकार भरा, आणि पुन्हा असं करू नका. पण उघडलेली बाटली परत बंद करायचा नियम आमच्याकडे नाही. ग्लास पुढे करा. हिरवी मात्र जप्त. उतरताना मिळेल."

"ठेवा तुम्हालाच," विहीणबाई म्हणाल्या. "मास्तर, अजून ओता. आणि त्या वेलाची एक फांदी मला द्या. दवाखान्यामागे जागा आहे."

मास्तरांनी ओतलं, लेकीकडे पाहिलं, आणि ग्लास वर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई जेवणघरात आल्या आणि मामाकडून मला मागून घेतला. "ज्यानं काम केलं त्याला असं गंजू देतात?" म्हणत त्यांनी मला टूथपेस्ट लावून ब्रशनं घासला, वेढ्यावेढ्यातून, कोरडा पुसला आणि मुठीला तेल लावलं. मित्रांनो, कॉर्कस्क्रूचे दात घासलेले कुणी ऐकलंय? मी असा चमकलो की बॅटरीच्या यंत्रानं तोंड फिरवलं.

उतरायच्या दिवशी पहारेकऱ्यानं सगळ्यांसमोर हाक दिली, "जप्त केलेलं माउथवॉश कुणाचं?" आणि विहीणबाई मान ताठ करून म्हणाल्या, "माझं! वाइन आहे त्यात."

तेव्हापासून मी पुन्हा मामाच्या खिशात आहे. यंत्र टेबलावर मिरवतं, अडलं की मला बोलावतात. माझी तक्रार नाही. वाकडा असूनही ठेवून घेणाऱ्या मावशीचे, रोज विचारपूस करणाऱ्या मामाचे, आणि दात घासून देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचे आभार मानावे तेवढे थोडे.

तुमच्या घरातही खणात माझ्यासारखं काहीतरी पडलेलं असेल. त्याला काम झाल्यावर कोरडं पुसून ठेवा, ओल्या चमच्यांत टाकू नका. अधूनमधून 'जिवंत ना?' असं विचारा. आणि मोठे झालात, कुणाच्या टेबलावर आपलं काही घेऊन गेलात, तर ते हातात धरून न्या आणि स्वतःच्या नावानं ठेवा. बूच अडलं तर मी आहेच.