पोराच्या मापाचं हॅन्डल

घड्याळजी बायकोशी असे वागत, जणू ती काउंटरपलीकडचं गिऱ्हाईक आहे. काय बिघडलंय असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही विशेष नाही, बघू." गिऱ्हाइकाला हे चालतं. पण जी बाई चौतीस वर्षं त्याच खोलीत शेजारी बसून शिलाई मशीन चालवते आहे, तिलाही हेच? काकूंचं डोकं तापलं होतं ते यावरून. काकू हे नाव त्यांना गल्लीने दिलेलं. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की खुद्द घड्याळजी एकदा चारचौघांत त्यांना "काकू" म्हणून बसले होते, आणि मग आठवडाभर त्यांना चहा स्वतः करून घ्यावा लागला होता.

पुढच्या खोलीत खिडकीपाशी घड्याळजींचं टेबल, भिंतीशी काकूंचं मशीन आणि मध्ये जाड पडदा. पडद्यातून दिसत काही नसे, पण ऐकू सगळं येई. आणि गेले काही महिने काकूंना ऐकू येत होतं ते बरं नव्हतं. फरशीवर इवलासा स्क्रू पडायचा. मग खुर्ची मागे सरकायची, मग गुडघे टेकल्याचा आवाज, मग लोहचुंबक फरशीवरून फिरवल्याचा. पूर्वी महिन्यातून एखाद्या वेळी होई. आता सकाळपासून जेवणापर्यंत तीनतीनदा.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तर काकू गप्प बसल्या असत्या. पण बायकांची नाजूक घड्याळं आली की घड्याळजी ती परत पाठवू लागले. म्हणे सुटे भाग मिळत नाहीत. ज्याच्या ड्रॉवरमध्ये आजोबांच्या काळातले सुटे भाग डबीडबीत भरून ठेवलेले, तो माणूस असं धडधडीत खोटं बोलतो? आणि एका दुपारी तर कहर झाला. जुन्या ओळखीच्या एक मास्तरीणबाई बंद पडलेलं घड्याळ घेऊन आल्या होत्या. त्यांना घड्याळजी हलक्या आवाजात म्हणाले की वर्षअखेरीला दुकान बंदच करावं म्हणतोय.

पडद्याअलीकडे काकूंचं मशीन बाहीच्या मध्यावर थांबलं. घरात ताकास तूर लागू द्यायची नाही आणि परक्यापुढे एवढी मोठी गोष्ट बोलून मोकळं व्हायचं. त्यांना राग आला, आणि रागाच्या खाली भीतीही वाटली. टेबलावर वाकलेला हा माणूस उठला तर दिवसभर करणार काय? घरातून नुसत्या फेऱ्या मारणारा नवरा काकूंनी शेजारच्या घरात पाहिला होता. बिचारी शेजारीण.

त्यांनी विचारलं काही नाही. विचारून काय मिळणार ते ठाऊक होतं. त्या डोळ्यांत तेल घालून पाहू लागल्या. तीन आठवड्यांत एक गोष्ट ध्यानात आली. सोमवारी स्क्रू सगळ्यात जास्त पडतात. शनिवारपर्यंत कमी होत जातात. आणि रविवारी सकाळी घड्याळजी सायकलवर असतात.

सायकल पोराची. तो नोकरीसाठी लांब गेला तेव्हा मागे ठेवून गेलेला. शर्यतीची सायकल, चाकं पातळ, हॅन्डल मेंढ्याच्या शिंगांसारखं पुढे जाऊन खाली वळलेलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि घड्याळजींना चालायचा कंटाळा, म्हणून दोन वर्षांपूर्वी ते तिच्यावर चढले, ते उतरायला तयार नव्हते. दर रविवारी चार-पाच निवृत्त मंडळींबरोबर तीन तास. परत येत तेव्हा चेहरा असा टवटवीत की वयाची दहा वर्षं रस्त्यावर सांडून आल्यासारखा. काकूंचं सायकलशी काही वाकडं नव्हतं. उलट रविवारी सकाळी तीन तास घरात कोणी "माझा चष्मा कुठेय" म्हणून विचारत नसे.

मंगळवारी त्यांनी सायकल बोळात आणून भिंतीला टेकवली, गळ्यात मापाची टेप टाकली आणि घड्याळजींना तिच्यावर बसायला सांगितलं. आधी त्यांना थट्टा वाटली. मग काकूंचा चेहरा बघून ते बसले.

काकूंनी खांद्यापासून मनगटापर्यंत माप घेतलं, कमरेपासून हॅन्डलपर्यंत घेतलं. पाठ धनुष्यासारखी वाकलेली, मान वर ताणलेली, आणि पोट सोडून उरलेल्या अंगाचा सगळा भार दोन तळव्यांवर. त्यांनी उजवा तळवा उलटा करून पाहिला. करंगळीच्या बाजूला लाल वळ होता.

"ही दोन बोटं बधिर होतात ना?"

घड्याळजींनी तळवा सोडवून पुन्हा हॅन्डलवर ठेवला.

"मी काय विचारतेय?"

"वय झालं आता. बोटंच ती."

"तुमचं वय मला नका सांगू, मी ते तुमच्याबरोबर काढलंय. पोरगं तुमच्याहून वीतभर उंच. त्याचा शर्ट घालून फिरता का तुम्ही? मग त्याचं हॅन्डल कशाला धरता?"

तरी काकूंनी मनाची खात्री म्हणून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तळवा दाबला, कोपर दाबलं आणि सांगितलं की शीर दाबली जातेय, दाब काढा, बरं होईल. फी देऊन काकूंनी स्वतःचंच मत पुन्हा एकदा ऐकून घेतलं, आणि त्याचं त्यांना काही वाईट वाटलं नाही.

खरी कुरकुर पुढेच. सरळ हॅन्डल लावायचं म्हटल्यावर घड्याळजींचा चेहरा पडला. बरोबरच्या सगळ्यांची हॅन्डलं वळलेली. आपली सायकल दुधाच्या किटल्या लावायच्या लायकीची दिसेल, लोक हसतील. काकू म्हणाल्या, हसणाऱ्यांना घड्याळाचे स्क्रू लावायचे नसतात.

कोपऱ्यावर एक दुकान होतं. मालक अख्खी सायकल सुटी करून जोडायचा, तरी गल्लीने त्याचं नाव पंक्चरवालाच ठेवलेलं. त्याने थोडं उंच, टोकं किंचित बसणाऱ्याकडे वळलेलं हॅन्डल काढून दाखवलं. ब्रेकचे आणि गिअरचे खटके नवे घ्यावे लागतील, जुने या नळीवर बसत नाहीत. हॅन्डल वर येणार म्हणून तारा आणि तारांवरच्या नळ्याही नव्या. मी बसवून देतो, तो म्हणाला. पण घड्याळजींनी सामान पिशवीत घातलं. ज्याने आयुष्यभर केसाएवढे दात असलेली चक्रं जोडली, तो सायकलचं हॅन्डल दुसऱ्याच्या हातून बसवून घेणार? दोन बोटं झोपली होती, आठ जागी होती.

दोन दिवस टेबलावर घड्याळांऐवजी सायकलची आतडी. तारेची नळी घड्याळजींनी मिलिमीटरपर्यंत मोजून कापली. काम झालं तेव्हा खरंच बघत राहावं असं दिसत होतं. कुठे लोंबत नाही, कुठे फुगा नाही, नळ्या फ्रेमला चिकटून गेलेल्या. घड्याळजी गल्लीत निघाले. ताठ बसलेले, हात मोकळे, जणू मिरवणुकीत पुढे निघालेत. औषधांच्या दुकानापाशी वळण आलं. त्यांनी हॅन्डल डावीकडे फिरवलं, मागच्या ब्रेकची तार ताणली गेली आणि ब्रेक कोणी न दाबता आपोआप लागला. सायकल जागेवर थांबली आणि घड्याळजी दुकानाबाहेरच्या खोक्यांच्या ढिगाऱ्यावर जाऊन बसले. लागलं कुठेच नाही. खोक्यांत कापूस होता.

काकू दारातून बघत होत्या. हसू त्यांनी पदरात लपवलं नाही, मोठ्याने हसून घेतलं आणि मग पुढे गेल्या. त्यांच्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुलीसुद्धा सुरुवातीला हेच करतात. बाई उभी असताना काखेत चोख बसेल असं कापतात, आणि तिने केस बांधायला हात वर केला की शिवण टर्रकन उसवते.

"उभ्या सायकलचं माप घेतलंत," त्या म्हणाल्या. "वळत्या सायकलचं घ्यायला हवं होतं."

या वेळी हॅन्डल पार डावीकडे, मग पार उजवीकडे फिरवून काकूंनी स्वतः टेप धरली. जिथे जास्तीत जास्त लागेल त्याच्यावर दोन बोटं आणखी. नव्या नळ्या हॅन्डलपुढे गोल कमान करून आल्या. घड्याळजींच्या नीटनेटक्या डोळ्यांना ती कमान खुपत होती, पण सायकल वळत होती. रविवारी मंडळींपैकी दोघे हसले. तिसऱ्याने, ज्याची कंबर गेली दोन वर्षं धरलेली, जरा बसून बघू का म्हणून विचारलं आणि तासभर परत दिली नाही.

बोटं लगेच नाही उठली. पंधरा दिवस गेले, महिना गेला. घड्याळजी रोज सकाळी करंगळी अंगठ्याला लावून बघत, काकू न बघितल्यासारखं करत. मग एका दुपारी त्यांनी पडदा बाजूला केला. हातात नखाएवढं बायकी घड्याळ होतं, चालू. मास्तरीणबाईंचंच, पुन्हा मागवून घेतलेलं. त्यांनी ते मशीनवर काकूंच्या कापडाशेजारी ठेवलं, आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. हात गेले असं वाटलं होतं. टेबल कोणाला तरी देऊन टाकावं असं ठरवतही आणलं होतं. तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं असं वाटायचं, म्हणून नाही सांगितलं.

काकूंनी दोरा दाताने तोडला. घड्याळ कानाला लावून ऐकलं. मग चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"घड्याळजी म्हणून तुम्हाला तोड नाही, हे मी कुणापुढेही सांगेन. पण नवरा म्हणून तुमच्यात अजून बरीच दुरुस्ती बाकी आहे. आणि ते काम मी पंक्चरवाल्याकडे देणार नाही."