सिंगापूरहून आलेला फोन

तेजलनं मोबाइल नरहरीपुढे धरला आणि पडद्यावरच्या इवल्याशा विमानावर बोट टेकवलं.

“हे बघा काका, मेघालीताई इथं हाय. अजून तासाभरात सिंगापूर.”

विमानाखाली नुसता निळा समुद्र होता. नरहरीनं पुतणीकडे पाहून मान हलवली आणि नजर माजघराकडे वळवली. बोईसरहून आणलेल्या बर्फाच्या पेटीत त्याची बायको सुलू होती. पहाटे सहाला दवाखान्यात तिनं प्राण सोडला, तेव्हा मेघालीच्या विमानाला ऑकलंडहून निघून सहा तास उलटले होते. आई आजारी आहे, एवढंच लेकीला ठाऊक होतं.

मेघाली तिकडे नर्स होती. चिकू घ्यायला वाडीत येणाऱ्या प्रत्येकाला नरहरी चार वर्षं कौतुकानं सांगत आला होता, की पोरगी बारा हजार किलोमीटरवर राहते, एका विमानात भागत नाही. आज तेच अंतर तो बोटांवर मोजत होता. सिंगापूरला तीन तास थांबायचं, पुढे मुंबईपर्यंत साडेपाच तास, मग मनोरवरून गाडीनं आणखी तीन. रात्रीचे दहा तरी वाजणार.

थोरले भाऊ रामनाथ अंगणातून आत आले.

“नरू, दिवस मावळायच्या आत उरकायला पायजे. पोरीसाठी थांबलो तर उद्यावर जाईल. रात्रभर सुलूला अशी ठेवणार तू?”

“मेघालीचा फोन येईल, दादा. मग सांगतो.”

“तिला खरं सांगणार?”

नरहरी उठून ओटीवर गेला. सांगितलं, तर अनोळखी माणसांच्या मधे ती साडेपाच तास रडत बसेल. नाही सांगितलं, तर दारात येईपर्यंत आईशी काय बोलायचं ते मनात जुळवत राहील. येरझाऱ्या घालता घालता तो पुटपुटून बघत होता, “बरी हाय. आताच झोपलीय.”

साडेदहाला फोन वाजला.

“बाबा.”

“उतरलीस काय? काय खाल्लंस?”

“बाबा, ऐका. आईचं मला काय सांगू नका. चांगलं नको, वाईट पण नको. मला अजून साडेपाच तास विमानात बसायचंय.”

नरहरीच्या तोंडाशी आलेलं तिथंच राहिलं.

“बरं,” तो म्हणाला.

पलीकडे कसलीतरी घोषणा चालू होती. ती संपल्यावर मेघाली म्हणाली,

“कपाटात आईची अंजिरी साडी हाय. दिवाळीला मी पाठवलेली. काकी हिरवी काढतील. त्यांना सांगा, अंजिरी.”

“सांगतो.”

“आणि घाई करू नका, बाबा.”

फोन बंद झाला तरी नरहरीनं तो कानाला तसाच धरून ठेवला होता. रामनाथ जवळ आले.

“सांगितलंस?”

“तिनं सांगू दिलं नाय, दादा. तुमी मंडळींना सांगा, उद्या सकाळी.”

तो आतल्या खोलीत गेला. कपाट उघडून घड्या घातलेल्या साड्यांपुढे बराच वेळ उभा राहिला. एका साडीला हात लावला, मग दुसरीला.

“तेजल,” त्यानं हाक मारली, “यातली अंजिरी कुठली गं?”