सासऱ्यांची नापास लेन्स

माझ्या कॅमेऱ्याला घरात कुणी मान देत नाही. लहानसा, मिररलेस, क्रॉप सेन्सरचा; म्हणजे चित्र टिपणारा आतला तुकडाच लहान. दिराकडे मोठ्या सेन्सरचं, फुल फ्रेमचं धूड आहे, म्हणून तो माझ्या कॅमेऱ्याला ‘अर्धं तिकीट’ म्हणतो. म्हणेना का! आठवडाभर लेथवर लोखंड कातून रविवारी मी तो गळ्यात अडकवते, आणि मग दोन तास मला जगात कुणाची गरज भासत नाही.

सासरे आणि माझे वडील एकाच लेन्सच्या कारखान्यात होते. सासरे काचा घासायला, वडील तपासणीला. सासऱ्यांनी जन्मात एकच लेन्स स्वतःच्या आकडेमोडीने बनवली, सहा महिने जेवणाच्या सुट्टीत खपून. ती वडिलांनी नापास केली. पुढे दोघे व्याही झाले, एकमेकांच्या आजारपणात धावून गेले, पण त्या लेन्सचा विषय कुणी काढायचा नाही. सासऱ्यांनी दुसरी लेन्स मात्र कधीच आखली नाही. एवढा हुशार माणूस एका शेऱ्याने गप्प बसला, याचा मला राग यायचा. वडिलांचाही आणि त्यांचाही.

गेल्या महिन्यात दिराने ती नापास लेन्स कपाटातून काढून आपल्या कॅमेऱ्यापुढे धरली. मधलं चित्र बरं आलं, पण चारही कोपरे काळे आणि पुसट.

“बघ, तपासनीस बरोबरच होता,” म्हणून सासरे हसले आणि लेन्स फडक्यात गुंडाळू लागले. ते हसणं मला बघवेना.

“बाबा, मला द्या ती.”

“तुझ्या अर्ध्या तिकिटाला?” सासरे म्हणाले.

“माझा सेन्सर लहान आहे. तो मधलंच चित्र घेतो. तुमच्या कोपऱ्यांशी त्याला काही देणंघेणंच नाही.”

सासऱ्यांचे हात थांबले.

लेन्स कॅमेऱ्यावर बसवायला मी अ‍ॅल्युमिनियमची रिंग कातली. पहिली अर्धा मिलिमीटर जाड निघाली, लांबचं काही स्पष्ट दिसेना. दुसरी चपखल बसली. मग माहेरी जाऊन वडिलांना खिडकीशी पेपर वाचताना गाठलं. हाताने फोकस फिरवत गेले, स्क्रीनवर त्यांच्या भुवया फोकस जुळल्याच्या लाल रेघांनी उजळल्या आणि मी बटण दाबलं. काय फोटो आला! मी एकटीच रस्त्यात हसत घरी आले.

पुढच्या रविवारी वडील आमच्याकडे आले, तेव्हा मोठी प्रिंट त्यांच्यापुढे ठेवली. लेन्सचं मी काही बोलले नाही. समोर सासरे, चहा गार होतोय याचं त्यांना भान नव्हतं.

वडिलांनी खिशातून भिंग काढलं आणि सवयीने आधी चारही कोपरे तपासले.

“स्वच्छ आहेत.” मग ते मध्यावर आले. “अगं, पापणीचा केस न् केस मोजता येतोय! कुणाची लेन्स?”

“तुमच्या व्याह्यांची.”

वडिलांनी भिंग खाली ठेवलं. त्यांना क्षणात उलगडा झाला. “सेन्सर लहान, म्हणून कोपरे सुटले. फिल्मच्या मोठ्या चौकटीवर ती नापासच होती.”

“खरंय,” सासरे म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला.

“थांबा हो, माझं झालं नाही अजून.” वडिलांनी पुन्हा भिंग लावलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. “तेव्हा मी कोपरे बघितले आणि तिथेच शेरा मारून मोकळा झालो. मध्यावर नजरसुद्धा टाकली नाही. एवढी धार आपल्या कारखान्याच्या एकाही लेन्सला नव्हती. फ्रेम लहान करा, एवढं तरी मी तुम्हाला सांगायला हवं होतं. चुकलं माझं.”

त्यांनी पेन्सिल मागितली, प्रिंट उलटी केली, मागे ‘पास’ लिहिलं, खाली सही आणि तारीख टाकली आणि ती समोर सरकवली.

सासऱ्यांनी ते तीनदा वाचलं आणि उठून आत निघून गेले. मला वाटलं, रडायला गेले. माझेच डोळे भरले होते.

ते बाहेर आले, तेव्हा हातात आलेखाची वही होती आणि कानावर पेन्सिल.

“सूनबाई, तुझ्या सेन्सरची लांबी-रुंदी सांग. मिलिमीटरमध्ये.”