पंखाखालचे पाय

तिने फोटो पडदाभर मोठा केला आणि पक्ष्याच्या पंखाखाली लोंबणारे पाय मोजायला घेतले. कमळाच्या पानावर एक कमळपक्षी उभा होता. त्याचे स्वतःचे पाय पानावर नीट टेकलेले, काटक्यांसारख्या लांब बोटांचे. आणि पोटाशी घट्ट मिटलेल्या पंखांतून खाली सुटलेले आणखी काही पाय, दोऱ्यासारखे बारीक. पिल्लं दिसतच नव्हती. उचलून पंखांत दडपलेली, पाय तेवढे बाहेर राहिलेले. एक पाय अगदी सैल लोंबत होता. ह्याला झोपेतच उचललेलं दिसतंय, असं वाटून तिची मान आपोआप एका बाजूला कलली.

मग ती कामाला लागली. पाण्याच्या करड्या भागात कॅमेऱ्यातल्या धुळीचे ठिपके उमटले होते, ते तिने एकेक करून पुसले. पानाला किडीने पाडलेलं भोक होतं, ते तसंच ठेवलं. धूळ कॅमेऱ्याची, म्हणून काढायची. भोक पानाचं, त्याला हात लावायचा नाही. पाणी किंचित डावीकडे उतरलं होतं, ते सरळ केलं. कडेचा रिकामा भाग छाटून पक्षी मध्यावर आणला.

त्यानंतर फोटोखालची ओळ. ही ओळ म्हणजे कविता नव्हे, असं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. कोण आहे, काय करतंय, कुठे आहे, संपलं. जे फोटोत दिसत नाही ते ओळीत येत नाही. नर की मादी हे ठाऊक नसेल तर सरळ ‘प्रौढ पक्षी’ लिहायचं आणि पुढे सरकायचं. ओळीखाली शोधशब्द द्यायचे. कुठला तरी कॅलेंडर छापणारा, कुठला तरी विमा विकणारा जे शब्द टाकून फोटो शोधत येईल, ते.

तिने लिहिलं, ‘कमळाच्या पानावर पिल्लांना पंखांखाली घेऊन उभी असलेली आई.’ शोधशब्द लिहिताना तर बोटं क्षणभरही थांबली नाहीत. आई, आईची माया, ऊब, कुशी, सुरक्षित. फोटो पुढे पाठवून तिने दुसरा उघडला. चिखलात लोळणारं रानडुक्कर. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

खोलीच्या भिंती करड्या होत्या आणि खिडक्यांचे पडदे कायम ओढलेले. संगणकाच्या पडद्यावरचे रंग खरे दिसायचे तर आजूबाजूला रंग नको, म्हणून कपडेसुद्धा फिकेच घालून यायचं. कामावर रुजू झाली त्या दिवशी ती हौसेने पिवळा कुडता घालून आली होती, तेव्हा तिला वरून चढवायला एक राखी कोट देण्यात आला. शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला तेव्हा म्हणाला होता, “इथे रंग फक्त जनावरांना परवडतो. आपण सगळे ढगात नोकरीला.” ती हसली होती. त्या हसण्यावर तिचे पुढचे दोन दिवस निघाले होते.

“इकडे ये जरा.”

हाक कोपऱ्यातून आली. तिथे संपादक बाई बसायच्या. जाड भिंगांचा चष्मा आणि कुणाची कसलीही चूक लांबून टिपायची सवय, यामुळे त्यांच्या मागे त्यांना सगळे दुर्बीण म्हणत.

“ही आई तुला कुठे दिसली?” दुर्बिणीने पडद्यावर पेन्सिल टेकवली.

“पिल्लं आहेत ना मॅडम, पंखाखाली.”

“पिल्लं नाही दिसली. पिल्लांचे पाय दिसले. ते असो. आई कुठे दिसली, ते विचारतेय मी.”

तिने वाकून पुन्हा पक्ष्याकडे पाहिलं.

“बाप आहे हा. कमळपक्ष्याची मादी अंडी घालते आणि जाते निघून. उबवायचं, राखायचं, पंखाखाली घेऊन हिंडायचं, सगळं बापाकडे. आता ठाऊक नसेल एखाद्याला, त्याबद्दल मी बोलत नाही. पण ठाऊक नसलं तर काय लिहायचं?”

“प्रौढ पक्षी.”

“मग?”

दाढीवाल्याने खुर्ची गर्रकन वळवली.

“म्हणजे बाईसाहेब अंडी घालून थेट ऑफिसात! आणि पोरं नवऱ्याच्या गळ्यात!”

दोघं-तिघं हसले. तोही हसला, आणि मधेच त्याचं हसू विझलं. तिचा नवरा आणि लहान मुलगी दुसऱ्या गावी आहेत, ही इथे एका खोलीत एकटी राहते, हे ऑफिसात सगळ्यांनाच माहीत होतं.

“तसं नाही हं,” तो दाढी खाजवत म्हणाला. “मी आपलं पक्ष्याबद्दल बोलत होतो.”

“हो ना,” ती म्हणाली. “पक्ष्याबद्दलच.”

जागेवर येऊन तिने ओळ बदलली. ‘उभी असलेली आई’ गेली, ‘उभा असलेला नर’ आला. मग शोधशब्दांतून ‘आई’ काढला. ‘आईची माया’ काढला. ‘ऊब’वर बोट ठेवलं, तेवढ्यात मागे दुर्बीण येऊन उभी राहिली.

“ऊब कशाला काढतेस? आणि माया पण परत लिही.”

“पण आई नाहीये ना मॅडम.”

“माया काय आईच्या नावावर करून दिलीय कुणी? असू दे. कुशीही असू दे. फक्त आई काढ.”

तिने फक्त आई काढली.

दुर्बीण गेल्यावर तिने छाटण्याआधीचा मूळ फोटो उघडला. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून ती हळूहळू सगळं पाणी बघत गेली. पानं, पानांच्या सावल्या, दूर एक वाळकी काडी. तिने काडीसुद्धा मोठी करून पाहिली. काडीच होती, दुसरा पक्षी नव्हता. तिने फोटो मिटला.

जेवणाच्या सुट्टीआधी ती पुन्हा कोपऱ्यात गेली. “मॅडम, त्या फोटोची एक छोटी प्रत घेऊ? घरी दाखवायला.”

“फोटोवर आपला शिक्का मारून घे,” दुर्बीण मान वर न करता म्हणाली. आणि ती वळल्यावर, “केवढी आहे गं तुझी?”

“चार पूर्ण होतील आता.”

“हं,” दुर्बीण म्हणाली. चष्मा काढून पुसायला लागली आणि पुसतच राहिली.

जेवायला ती जिन्यात बसायची. वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या वळणावर एक उभी खिडकी होती, तिथे फोनवर चेहरे फुटत नसत. डबा मांडीवर ठेवून तिने नवऱ्याला फोन लावला. आधी हे काम ती घरूनच करायची, मांडीवर मुलगी आणि टेबलावर पडदा. मग फोटो विकणाऱ्या या एजन्सीने सगळ्यांना करड्या खोलीत बोलावून घेतलं. नवऱ्याची प्रयोगशाळेतली नोकरी हलण्यासारखी नव्हती, आणि हिच्यासारखं काम तिकडे मिळण्यासारखं नव्हतं. काही महिने बघू, असं ठरलं. मागच्या सुट्टीत ती घरी गेली आणि परत निघताना सगळ्यांनी सांगितलं, ठकी झोपलीय तोवर नीघ, उगाच रडारड नको. ती निघाली. तेव्हापासून ठकी फोनवर यायची बंद झाली होती. हिच्या स्वतःच्या आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “कर बाई, जगाच्या पिल्लांचं कर. आपलं काय, पडलंय एका कोपऱ्यात.” म्हणाली आणि मग लगेच, जेवतेस ना वेळेवर, असंही म्हणाली.

नवरा पडद्यावर आला. खांद्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता.

“जेवलीस?”

“जेवते. कुठेय?”

त्याने फोन फिरवला. टेबल, टेबलाखाली ओढून बांधलेली चादर, आणि चादरीतून बाहेर आलेले पायाचे दोन तळवे.

“आजपासून तिकडे राहते ती. मी म्हटलं, मला भाड्याने तरी ठेव. नाही म्हणाली. भाडेकरू पसारा करतात म्हणे.” मग त्याने आवाज चढवला. “ठके, आई आलीय बघ!”

“आली नाहीये,” चादरीतून आवाज आला. “फोन आलाय.”

नवरा हसायला गेला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला.

“मी सोडून येऊ का रे सगळं?” ती म्हणाली.

“परत तेच?”

“आज पण नाही बोलली तर येते मी. खरंच सांगतेय. काय करायचंय मला इथे राहून?”

“अगं, रुसलीय ती.”

“रुसण्याची पण सवय होते माणसाला. मग रुसवा जातो आणि सवय राहते.”

तो एक छोटा मोजा हातात घेऊन त्याची जोडी शोधत राहिला.

“एक फोटो पाठवलाय,” ती म्हणाली. “लॅपटॉपवर उघड आणि ठेव तिच्या घरासमोर. सांगू नकोस काही.”

त्याने तसं केलं. फोन त्याने टेबलाच्या पायाला टेकवून ठेवला, त्यामुळे तिला आता जमीन दिसत होती, चादरीची कड आणि लॅपटॉपची मागची बाजू. नवरा कपड्यांच्या घड्या घालायला बसला. बराच वेळ काहीच हललं नाही. जिन्यातून वर जाणारी कुणीतरी तिच्या पायांना वळसा घालून गेली. डब्याचं झाकण तिने उघडलं आणि परत लावलं.

आधी एक हात आला. मग केस. सकाळी बांधलेली वेणी एका बाजूने सुटली होती.

“बाबा! ह्याला किती पाय आहेत बघ!”

“किती?” घडी घालता घालता नवरा म्हणाला.

“एक, दोन, तीन, पाच...”

“चार राहिला.”

“चार लपलाय.” बोट लॅपटॉपच्या पडद्यावर टेकल्याचा टक् असा आवाज आला. “कुणाचे आहेत हे पाय?”

“मला काय ठाऊक? मला मोज्यांची जोडी सापडत नाहीये. आईला विचार. तिचं काम आहे ते.”

ठकीने फोनकडे पाहिलं नाही. तिने पायाची बोटं जमिनीवर दोनदा आपटली, कपड्यांच्या ढिगातून एक मोजा ओढला, हातात चढवला, परत काढला. मग एकदम फोनवर चाल करून आली. पडद्यावर फक्त कपाळ दिसायला लागलं आणि एक डोळा.

“हे पाय कुणाचे?”

आई अशी हाक नव्हती. कशी आहेस नव्हतं. कार्यालयात चौकशीला आलेल्या माणसाचा आवाज होता.

“पिल्लांचे,” ती म्हणाली. “पंखाखाली आहेत पिल्लं.”

“मला नाही दिसत.”

“मला पण नाही दिसली. त्यांच्या बाबाने आत घेतलीत.”

“हा बाबा आहे?”

“हो.”

डोळा बाजूला झाला. ठकीने मागे वळून पक्ष्याकडे पाहिलं, मग घड्या घालणाऱ्या बाबाकडे, आणि मान्य असल्यासारखी परत आली.

“आणि आई कुठेय?”

नवऱ्याचे हात थांबले. खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर एक माणूस टाकीचं झाकण लावत होता, ते नीट बसत नव्हतं. तिने सकाळपासूनचं ते वाक्य जिभेवर आणून पाहिलं, अंडी घालते आणि जाते निघून, आणि ते तसंच गिळलं. खोटंही बोलवेना. मग ज्याचा तिला पगार मिळत होता तेवढंच ती बोलली.

“फोटोत नाहीये.”

“नसणारच,” ठकी म्हणाली. एवढं साधं हिला कसं कळत नाही, असा तिचा सूर होता. “ती फोटो काढतेय ना!”

पलीकडे नवऱ्याने मान खाली घातली.

“समुद्रावरच्या फोटोत पण मी आणि बाबाच आहोत,” ठकी समजावून सांगू लागली. “केक कापला त्यात पण. झोपाळ्याच्या फोटोत पण. तू नसतेसच.” तक्रार नव्हती त्यात. दुधावर साय येते, असं कुणी सांगावं तसं. “तूच काढतेस ना.”

“हो,” ती म्हणाली. “हो. मीच काढते.”

“मग त्यांना सांग, पाय आत घ्या म्हणावं. गार पाणी आहे.”

“सांगते.”

“आत्ता सांग.”

“आत्ता सांगते.”

“मी दूध पिते आता,” ठकी म्हणाली आणि उठली. उठताना तिचा गुडघा फोनला लागला. फोन घसरला आणि पाठीवर पडला.

पडद्यावर आता घराचं छत होतं. पंखा बंद होता आणि त्याच्या एका पात्याला धूळ साचली होती. कडेने भिंतीचा थोडा भाग येत होता, तिथे उन्हाचा एक तिरका पट्टा. आतून आवाज येत होते. कपाट उघडल्याचा, कप खाली ठेवल्याचा, नको इतकी साखर, थोडीशीच, थोडीशी म्हणजे किती, असं काहीबाही. मग दोघांचं हसणं. कशावर ते तिला कळलं नाही. ती डबा मांडीवर तसाच धरून छताकडे बघत राहिली. उन्हाचा पट्टा हळूहळू पंख्याच्या बाजूला सरकत होता.

बऱ्याच वेळाने छताच्या मधोमध नवऱ्याचा चेहरा आला, वरून वाकलेला.

“अगं, चालूच आहे का हा अजून? मला वाटलं, ठेवलास तू.” तो जरा थांबला. “मग? येतेस?”

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लोटलं. सुट्टी संपत आली होती.

“बंद करू का?” त्याने विचारलं.

“नको,” ती म्हणाली. “असू दे थोडा वेळ.”

“काय दिसतंय तुला त्यात? पंखा?”

“हं.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग फोन होता तसाच, पाठीवर, परत जमिनीवर ठेवला.