हळदीचा दोरा आणि हेराल्ड

साहेब, तपासणीला आणलेल्या गाडीच्या बॉनेटला तुम्ही हातसुद्धा लावला नाहीत. लांबूनच आवाज ऐकलात, नाकाला रुमाल लावलात आणि म्हणालात, "पायाखालून आपोआप पळतीय ही. धोकादायक. शुक्रवारी परत आणा, तेव्हाही अशीच असली तर भंगारात." आख्खी जुनी हेराल्ड एका रुमालात गुंडाळून मोकळे झालात!

तो शुक्रवार उजाडला, आणि सर्जापूर रोडवरच्या घरामागं भव्या कमरेपर्यंत इंजिनात शिरली होती. गाडी तिच्या वडिलांची, सयाजींची. भव्या गाडी शिकली ती हिच्यावरच. बेळ्ळंदूरच्या ऑफिसला तिनं सकाळीच कळवून टाकलं होतं, आज येत नाही.

"अप्पा, रेसचा स्क्रू पूर्ण मागं घेतला. तरी बोंबलतीय!"

"मग कार्ब्युरेटर परत खोलू."

"किती वेळा खोलायचा? थांबा, रॉडच काढते."

पेडल दाबलं की कार्ब्युरेटरची झडप उघडते ती या रॉडनं. भव्यानं त्याचं झडपेकडचं टोक सोडवलं मात्र, इंजिनाची बोंब धाडकन खाली आली. एकसारखा, समाधानी आवाज!

"अप्पा, ऐकलंत? कार्ब्युरेटर निर्दोष आहे! रॉडच झडप ओढून धरतोय!"

तिनं टॉर्च मारला. रॉड जिथं आधाराच्या पट्टीतल्या भोकातून जातो, तिथं एक टणक गोळा. हळद, कुंकू, ऑइल आणि दोरा. दर आयुधपूजेला आई इंजिनाला दोरा बांधायची, हात पोचेल तिथं, जुन्यावर नवा. यंदाचा बांधल्यावर गोळा भोकात अडकला होता. रॉड मागं येणार कुठून?

ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले सयाजी स्टेअरिंगकडं बघत पुटपुटले, "मला दिसला होता गं. पूजेचा दोरा कापायचा कसा? म्हणून रॉडचीच लांबी कमीजास्त करत बसलो."

"अप्पा!"

मागच्या दारातून भव्याची आई अंबुबाई कात्री घेऊनच आल्या. "सरका. मी बांधला, मीच सोडते." कचाकचा दोरा तोडत त्यांनी नवऱ्याकडं वळून पाहिलं. "राखण करायला बांधला होता, गळा आवळायला नाही. आणि तुम्ही हो! साहेबाला भ्याला नाहीत, दोऱ्याला भ्यालात?"

सयाजी हसत सुटले. मग काय घाई उडाली! झडप पूर्ण मिटवून भव्यानं रॉडचं टोक फिरवलं. अजून ओढ लागत होती.

"स्वल्प लांब कर," सयाजी म्हणाले.

तिनं दोन आटे सोडले. टोक झडपेच्या सांध्यातल्या गोळीवर न ओढता अलगद बसलं. तिनं नट आवळला. "दाबा अप्पा! तळापर्यंत!"

"दाबलं!"

"पूर्ण उघडली! सोडा!"

टक्. झडप जागच्या जागी मिटली. भव्यानं आनंदानं मडगार्डवर थाप मारली. अंबुबाईंनी नवा दोरा आरशाला बांधला आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. "चला. मलाही बघायचाय तो रुमालवाला."

रिंग रोडच्या गर्दीत हेराल्ड थांबली की शांत, पाय दिला की उसळी! सयाजी पोरासारखे हॉर्न वाजवत होते.

तपासणीच्या मैदानात साहेब, तुम्ही दुरूनच म्हणालात, "आलं का भंगार?"

भव्या उतरली. इंजिन चालू ठेवून तिनं बॉनेट सताड उघडलं.

"इकडं या, साहेब. रुमाल खिशात ठेवा आणि वाकून बघा. त्या दिवशी हे न उघडताच भंगार कशाच्या जोरावर म्हणालात? उत्तर द्या. ते मिळेपर्यंत गाडी इथून हलणार नाही."