स्टेपनी आणि बेलभंडारा

लष्कराच्या लिलावात मी जीप घेतली तेव्हा माझी समजूत होती की मी एक वाहन विकत घेतो आहे. भोकरदनला आणून घरासमोर उभी केल्यावर कळलं, की मी एक बिनभिंतीचं दुकान मांडून बसलो आहे. जीपला दारं नसतात. तिच्या अंगावर जे जे लावलेलं असतं ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताशी असतं. बाजूला कुऱ्हाड आणि फावडं, मागे पेट्रोलचा डबा, आणि त्याच्या शेजारी स्टेपनी, म्हणजे जादा चाक. लष्करात हे असं उघडं ठेवतात, कारण तिथे बंदूकधारी पहारा असतो. दिवाणी वकिलाला ती सोय नाही.

कुऱ्हाड पहिल्याच बाजारच्या दिवशी गेली. पुढच्या आठवड्यात आरसा गेला. तो मात्र सापडला. बाजारातल्या न्हाव्याकडे दाढीला बसलो असताना माझा चेहरा मला माझ्याच आरशात दिसला. मी काही बोललो नाही, कारण अर्धी दाढी व्हायची होती आणि वस्तरा त्याच्या हातात होता.

मग मी बंदोबस्ताला लागलो. डब्याला साखळी, फावड्याला साखळी, स्टेपनीला सगळ्यात जाड साखळी. सात कुलपं आणली. स्टेपनीवर पांढऱ्या रंगानं ‘वकील, भोकरदन’ असं स्वतः लिहिलं. किल्ल्या कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून त्या करदोड्याला बांधल्या. कोर्टात उभा राहिलो की कमरेत किणकिण व्हायची आणि मुन्सफसाहेब कागदातून डोकं वर काढायचे.

माझी बायको उषाबाई म्हणाली, “जीपला इतकं बांधलंय की आता ती पळायची न्हाई, एवढी गॅरंटी.”

जीप चालवायला भुजंग होता. वय तिशीच्या आत, आधी सरकीच्या ट्रकवर होता, माझ्याकडे तीन वर्षं. मलाही गाडी चालवता यायची, पण माझ्या शेजारी बसायला अशील तयार नसत. भुजंगचं एकच मागणं होतं. जालन्याला सरकारी मोटारींवर ड्रायव्हर भरणार होते. पगार बांधलेला, अंगावर खाकी कपडे, म्हातारपणी पेन्शन. त्यासाठी एका प्रतिष्ठित माणसाचा चालचलणुकीचा दाखला लागत होता. भोकरदनमध्ये प्रतिष्ठित माणूस म्हणजे त्या काळी मी होतो.

“देतो की,” मी म्हणालो होतो. “दाखला काय, मी तुला शिफारसपत्रच देतो. इंग्रजीत.”

सन सत्तावन्नचा कार्तिक होता. भुजंग कापूस वेचणीसाठी आठ दिवस घरी गेला. परत आला त्या सकाळी फडकं घेऊन जीप पुसायला लागला आणि मागच्या बाजूनं ओरडला, “साहेब, स्टेपनी कुठंय?”

मी बाहेर आलो. साखळी होती. कुलूप होतं, लावलेलं. चाक नव्हतं.

वीस वर्षं वकिली केलेल्या माणसाचं डोकं अशा वेळी फार जोरात चालतं. कुलूप फोडलेलं नाही, म्हणजे किल्लीनं उघडलं. किल्ली माझ्या कमरेला, म्हणजे दुसरी किल्ली कुणीतरी करून घेतली. ती करून घ्यायला कुलूप रोज हाताळणारा माणूस लागतो. शिवाय चोरीची खबर सगळ्यांत आधी यानंच दिली. आणि चोरीच्या दिवसांत तो बरोबर रजेवर होता, म्हणजे बचाव आधीपासून तयार.

“त्यो गावाला गेल्ता ना पण?” उषाबाई म्हणाली. “आन किल्ली तर तुमच्याच कमरेला.”

“तेच तर संशयास्पद आहे,” मी म्हणालो.

ती मग पोळ्या करायला गेली.

पोलिसांत जायचं माझ्या मनात होतं, पण शेजारचे नथमलशेठ आडवे आले. नथमलशेठचं घराणं राजस्थानातलं, तीन पिढ्या भोकरदनला कापडाच्या धंद्यात. गावातल्या कोणत्याही भानगडीत ते सल्ला देत, आणि तो फुकट असल्यामुळे सगळे घेत.

“पोलीस क्या करेंगे, वकीलसाहेब? ते पहिले तुम्हालाच दहा वेळा ठाण्यात बसवतील. बेलभंडारा उचलवा. उद्या बाजार आहे, सगळं गाव जमेल. बिलकुल एका मिनटात चोर समोर.”

बेलभंडारा म्हणजे खंडोबासमोर बेलाचं पान आणि हळदीची चिमूट हातात घेऊन शपथ वाहणं. खोटी वाहिली तर घराणं बुडतं असं आमच्याकडे मानतात. मी हैदराबादेत शिकलेला माणूस. या प्रकाराला विरोध करणं माझं काम होतं. मी त्याला हो म्हणालो, कारण त्यात वेळ कमी जात होता.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या कडेला, खंडोबाच्या छोट्या देवळासमोर, दीडदोनशे माणूस जमलं. वांगी विकणाऱ्यांनी वांगी तशीच सोडली. माझ्या घरी ये-जा असणारी दोनच माणसं. पहिली भांडी घासणारी सोनूबाई. तिनं पुढे होऊन बेल उचलला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “खंडोबाराया, मला त्या चाकाचं काय करायचंय? माझ्या घरी गाडा न्हाई, बैल न्हाई, नवराबी न्हाई.” लोक हसले. ती सुटली.

मग भुजंग. तो पुढे आला, पानाकडे बघितलं आणि हात मागे बांधले.

“मी उचलत न्हाई.”

“का रे?” नथमलशेठ म्हणाले.

“आमच्या घरात उचलत न्हाईत. खऱ्यालाबी न्हाई अन खोट्यालाबी न्हाई. माझ्या आज्यानं बांधाच्या वादात उचलल्ता. खरा व्हता तरी. त्याच साली त्याची दोन लेकरं गेली. मरताना सांगून गेला, वाद हरा, वावर जाऊ द्या, पण बेलाला हात लावू नका.”

“देखो! उचलत नाही,” नथमलशेठ गर्दीकडे वळून म्हणाले. गर्दीतून ‘हं’ असा एक आवाज निघाला. कोर्टात निकाल ऐकल्यावर निघतो तसा.

भुजंगनं माझ्याकडे बघितलं. “साहेब, तीन साल तुमच्या घरी राह्यलो. तुमीच सांगा. तुमी म्हनलं की मी घेतलं, तर घेतलं.”

इतका सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नाही. ‘नाही’ म्हणायला अर्धा श्वास पुरला असता. पण दोनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि दोनशे माणसं बघत असली की मला काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. मी पुढे झालो आणि बेलभंडारा स्वतः उचलला.

“हा उचलत नाही, तर मी उचलतो,” मी म्हणालो. “ते कुलूप मी उघडलेलं नाही आणि चाक मी कुणाच्या हातात दिलेलं नाही. आता ज्यानं त्यानं समजून घ्यावं.”

सगळ्यांनी समजून घेतलं. भुजंगनं फडकं खांद्यावरून काढून कडेला उभ्या असलेल्या जीपच्या सीटवर ठेवलं आणि तो चालत त्याच्या गावाला गेला. दाखल्याचा कागद माझ्या टेबलावर अर्धा लिहून पडला होता. इंग्रजीत, ‘भुजंग हा प्रामाणिक’ या अर्थाच्या शब्दांपर्यंत. मी तो टाकला नाही, पुराही केला नाही.

पंधरा दिवसांनी एका जमिनीच्या कामासाठी मी जीप घेऊन शहागडला गेलो. एकटा. गोदेच्या पुलाच्या अलीकडे हायवेवर ट्रकांची गर्दी असते, तिथे एका लिंबाखाली बद्रीनाथचं पंक्चर काढायचं दुकान आहे. मी तिथून पुढे निघालो तोच तो मागून धावत आला.

“वकीलसाब! ओ वकीलसाब! अहो तीन हप्ते झाले, तुमची अमानत घेऊन बसलोय!”

दुकानाच्या छपराला दोरीनं एक चाक टांगलेलं होतं. त्यावर पांढऱ्या रंगात माझंच अक्षर होतं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. भुजंग रजेवर असताना मी याच जमिनीच्या पाहणीला एकटा आलो होतो. कुणीतरी म्हणालं, स्टेपनीत हवा नाही. मी कुलूप काढलं, चाक बद्रीनाथच्या हातात दिलं, ‘येताना नेतो’ म्हणालो. आणि रिकामी साखळी कुणी चोरू नये म्हणून तिला पुन्हा कुलूप लावलं. मग नदीकाठी समोरच्या वकिलाला मी असं काही गप्प केलं, की परत येताना अंबडपर्यंत मी त्याच आनंदात होतो. स्टेपनीची आठवण त्या आनंदात बसली नाही.

“कोणी नेलं तर म्हणून वर टांगून ठेवलं,” बद्रीनाथ म्हणाला. “इथं ट्रकवाले काय काय उचलतात. रात्री मी त्याच्याखालीच झोपतो.”

त्यानं पंक्चरचेच पैसे घेतले. जपून ठेवण्याबद्दल काही घेतलं नाही.

घरी आलो आणि उषाबाईला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. “मंग आता इथं काय बसून राह्यले?” एवढंच म्हणाली.

मी दाखला पुरा केला, इंग्रजीत, शिक्का मारून, आणि भुजंगच्या गावाला गेलो. तो अंगणात बसून दोर वळत होता. त्याची आई झुंबरबाई दारात उभी होती. ती पाणी आणायला म्हणून आत गेली, ती परत आली नाही. मी सगळं सांगितलं. माफी मागितली. मागताना आवाज बसला होता, हे मी स्वतःच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

भुजंगनं कागद उलटसुलट बघितला. “साहेब, भरती अजून हाय. पण नुसत्या कागदावर घेत न्हाईत. गावात येऊन चौकशी करतेत. बाजारात इचारतेत, कसा माणूस हाय म्हनून.” त्यानं कागद माझ्याकडे परत केला नाही, खिशातही घातला नाही. मांडीवर ठेवला. “ज्यांच्यासमोर बोलले त्यांच्यासमोर सांगा. मंग बघू.”

हे रास्त होतं. पुढच्या बाजारी मी स्टेपनी जीपमधून काढून देवळासमोर ठेवली आणि बोललो. मी व्यवसायानं बोलणारा आहे, पण त्या दिवशी लांबण लावली नाही. शहागड, बद्रीनाथ, रिकामी साखळी, कुलूप, सगळं सांगितलं. भुजंग निर्दोष आहे. चूक माझी. बेल उचलून मी खोटं बोललो.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, “बेल उचलून खोटं? तुमी? आसं कसं व्हईल, सायब?”

“झालं. मी खोटं बोललो.”

“बघा!” तो शेजाऱ्याला म्हणाला. “गड्याला वाचवायला स्वतःला खोटं म्हनून राह्यले!”

“तसं नाही,” मी म्हणालो. “हे चाक बघा. माझं अक्षर आहे यावर.”

“नवं आणलं आन लिहून टाकलं,” दुसरा म्हणाला. “रंग तर घरातच हाय.”

“मी बद्रीनाथला इथे उभा करतो. साक्षीला.”

नथमलशेठनं डोळा मिचकावला. “साक्षीदार आणणं तर तुमचा धंदाच आहे, वकीलसाहेब! क्यों लाजवता आम्हाला?” आणि मग गर्दीकडे वळून, “अरे, मालक असावा तर असा! चाक गेलं ते गेलं, वर गड्याची अब्रू झाकून राह्यले!”

लोकांनी मान डोलावली. काहींच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. खंडोबाच्या बेलाचा मान गावात इतका होता, की तो उचलून बोललेलं खोटं ठरवायला माझं साधं खरं पुरेना. मी तीनदा सांगितलं. प्रत्येक वेळी मी आणखी मोठा झालो. भुजंग गर्दीच्या कडेला उभा होता. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, “पाय धर बाबा साहेबांचे.”

नथमलशेठनं देवळातला नारळ माझ्या हातात दिला. तो मी घेतला. नको म्हणायचं राहून गेलं.

उषाबाई दारातच होती. “सांगितलं?”

“सांगितलं.”

“सगळं?”

“सगळं.”

“मंग नारळ कशाचा?”

आठ दिवसांनी जालन्याहून चौकशीचा माणूस आला. बाजारात फिरला, मग माझ्याकडे आला. मी त्याला लेखी जबाब दिला, सही केली. त्यानं तो पिशवीत घातला, चहा प्यायला, आणि जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला. “गावात ऐकलं मी. चोरी केली होती, पण साहेबांनी पोटात घातली म्हणतात. असे मालक आता राहिले नाहीत.”

भुजंगला घेतलं नाही.

तो ट्रकवर काम बघायला शहागडला निघाला तेव्हा मी मोटारीच्या थांब्यावर गेलो. म्हणालो, मी जालन्याला येतो, वरच्या साहेबाला भेटतो, तिथे सगळं सांगतो.

“नका येऊ, साहेब,” भुजंग म्हणाला. आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं. “तुमी जितकं बोलून राह्यले ना, तितका मी चोर होऊन राह्यलो.”

मोटार आली. त्याचं गाठोडं जड दिसत होतं. टपावर चढवायला मी हात पुढे केला. त्यानं ते माझ्या हातात दिलं नाही. स्वतः वर चढला, गाठोडं दोरीनं बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली आणि खाली उतरून आत जाऊन बसला.