कानिफनाथांच्या गाडीचा आवाज

कोल्हारात गाडी बिघडली की मेकॅनिक बोलवावा लागत नाही, पारावरचे सगळे आपणहून येतात. कानिफनाथांच्या डिझेल पिकअपमधून दसऱ्यानंतर खडखड यायला लागली, तेव्हाही आले. मी त्या गाडीचा ड्रायव्हर, बन्सी. मालकांना स्वतःला गाडी चालवता येत नाही, पण बॉनेट उघडून आत बघतात ते असं, की जणू इंजिन त्यांनीच ओतलंय.

गहिनीनाथ पुढं झाला. नागापूरच्या एमआयडीसीत तो एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. मशिनं आत जाताना बघितली, एवढ्यावर गावानं त्याला इंजिनिअर करून टाकलं. त्यानं स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि पोथी ऐकायला बसल्यासारखे डोळे मिटले.

"बेअरिंग गेलं," तो म्हणाला.

मग पुंजारामनं ऐकलं. "नोजल हाय." गोरक्षनं ऐकलं. "क्रँक!" तिघांनी कान लावले, तीन रोग निघाले.

"आईल न बघता पळवली आसंल यानं," गहिनीनाथ माझ्याकडं बघत म्हणाला.

आईल मी रोज बघतो. मालकांना ते माहीत आहे. तरी म्हणाले, "आईलाचं सोडा. दसऱ्याला आख्खी गल्ली गाडीच्या पाया पडली, ह्यो न्हवता. देव न मानणाऱ्याच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय हुनार?"

दसऱ्याला आम्ही बौद्ध लोक धम्मचक्र प्रवर्तन दिन पाळतो. मी नगरला गेलो होतो, मालकांना विचारूनच. रजा देताना त्यांना देव आठवला नव्हता. मला संताप आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. इंजिन मारणारा ड्रायव्हर असं एकदा नाव झालं, की मनमाड रोडला कुणी स्टेअरिंगला हात लावू देत नाही.

"मालक, मला खालून बघू द्या."

"लांब हो. चावी दे हिकडं."

तेवढ्यात मालकांची आई, छबूबाई, ओट्यावरून ओरडली, "कान्या, माजा आडकित्ता घावला का? दसऱ्यापास्नं सुपारी खाल्ली न्हाई मी."

"आये, हितं इंजिन मेलंय आन् तुला सुपारी सुचतीय!"

पेरूच्या पाट्या भरून ठेवलेल्या होत्या आणि संध्याकाळी माल नगरच्या मार्केटात हवा होता. तरी इंजिन खोलायचं ठरलं. त्यासाठी आधी इंजिनाखालचा पत्रा काढून आईल सोडायचं. गाडीखाली शिरायची वेळ आली आणि तिन्ही तज्ज्ञांच्या पाठीत उसण भरली. मालकांनी मला खूण केली. देव न मानणारा माणूस तेवढ्यापुरता चालत होता.

मी बोल्ट सैल केले. पत्रा कलला आणि त्यातून खणकन काहीतरी मातीत पडलं. पितळी आडकित्ता होता. त्याला हळदकुंकू अजून चिकटलेलं होतं.

पत्रा परत आवळून मी बाहेर आलो आणि आडकित्ता छबूबाईंच्या हातात दिला.

"आगं बया! ह्योच की! कान्या, तूच न्हेला हुतास ना पूजेला? कोयता, पाना, समदं त्या इंजिनावर मांडलं हुतंस!"

मालकांनी चावी फिरवली. इंजिन पहिल्यासारखं चालू झालं. खडखड गेली होती. पुंजाराम आणि गोरक्ष चपलांकडं बघत उभे राहिले.

मालक मात्र हसले. "बघा, देवानंच इंजिन राखलं. बन्सी, घे चावी, माल पोचव."

मी हात पुढं केला नाही. "मगाशी ज्यांच्याम्होरं मला बोललात, ते समदे हितंच हायेत. चूक कुनाची हुती, तेवढं सांगा."

मालकांनी पाट्यांकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं आणि मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले.

मी गहिनीनाथच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेतला. मूठ कानाला लावली आणि टोक मालकांच्या सदऱ्याच्या गुंडीवर टेकवलं.

"मोठ्यानं बोला, मालक," मी म्हणालो. "आवाज नीट येत न्हाई."